दादा, तू माझं एकदाच ऐकलंस

दादा,

तू गेल्यानंतरच्या जलदानाला तुझी अख्खी टीम जर्सी घालून आली होती. बाकी आम्ही सगळे पांढऱ्यात आणि ही पोरं निळ्या जर्सीत, वहिनीने मांडलेल्या तुझ्या फोटोसमोर उभी. बौद्धाचार्यांनी त्रिशरण सुरू केलं, पोरांनी हात जोडले आणि माझं लक्ष त्यांच्या उभं राहण्याकडे गेलं. गोलकीपर आणि सहा जण भिंतीला चिकटून, तीन जण त्यांच्या पुढे आणि सगळ्यांत पुढे एकटा बिचारा किरण, तुझा फॉरवर्ड. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना तसं उभं राहायला. बावीस वर्षं तू त्या टीमला बचाव शिकवलास, आता फोटोसमोरही ती बचावालाच उभी राहते. मला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी आवरेना, आणि मग त्याचं रडं कधी झालं ते मलाच कळलं नाही.

लोक म्हणाले, बहीण आहे, रडणारच. पण त्याच लोकांना हेही ठाऊक होतं की ही बहीण दहा महिने भावाशी एक शब्द बोललेली नाही. माझ्या सासरच्या शेणव्यापासून आपल्या गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण भांडण मी भर रस्त्यात केलं होतं. मुरबाडच्या फायनलला तू माझ्या पोराला, निखिलला, बाहेर बसवून ठेवलंस, त्याचा एकच चान्स होता तो घालवलास, म्हणून मी तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं. ते मी नेमाने पाळलं. आणि तू निघून गेलास. आता हे भांडण कोणाशी मिटवायचं, हे मला कोणी सांगू शकत नाही.

लोक तुला कोच म्हणायचे. मी मात्र तुला तोंडावर सांगायचे की तू कोच नाहीस, तू गँगमन आहेस. कसाऱ्याला रेल्वेत लागलास, घाटातल्या रुळांवर हातोडा घेऊन चालायचास, कुठे काही सैल झालंय का, कुठे तडा गेलाय का ते बघायचास. तिथल्याच रेल्वेच्या पोरांत फुटबॉल शिकलास आणि एका सुट्टीला येताना चेंडू घेऊन आलास. गावात तोवर कबड्डी आणि क्रिकेट. चेंडू खेळायला कोणी मिळेना म्हणून तू मला, नववीतल्या पोरीला, गोठ्याच्या भिंतीपाशी दोन धोंड्यांच्या मधे उभं केलंस आणि लाथा मारायला सुरुवात केलीस. माझी ढोपरं सोलली, आईने तुला झाडूने हाणलं, पण मला खेळ कळला. नुसता कळला नाही, लागला.

तेव्हा तू काय खेळायचास दादा. उजवीकडून सुटलास की कोणाच्या बापाला सापडायचा नाहीस. म्हणून तर मला राग यायचा. स्वतः वाऱ्यासारखा धावणारा माणूस, कोच झाला आणि पोरांच्या पायात बेड्या घातल्या. मी विचारलं की तुझं एकच ठरलेलं उत्तर असायचं, गाडी उशिरा पोचली तरी चालेल, पण घसरता कामा नये. मी म्हणायचे, अरे पण तुझी गाडी पोचतच नाही, कसाऱ्यालाच उभी असते. तू हसायचास आणि पुन्हा सहा जण मागे ठेवायचास. पालथ्या घड्यावर पाणी.

माझं लग्न झालं त्याच वर्षी तू टीम काढलीस. सासर शेणव्यात, माहेर चालत पाऊण तासावर, त्यामुळे एक मॅच चुकवली नाही मी. अंगणवाडीची नोकरी लागल्यावर तर सोपंच झालं, दुपारी पोरांना घरी सोडलं की मी तुझ्या मैदानाच्या बांधावर हजर. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिची दोन लग्नं झाली, एक आमच्या विलासशी आणि एक भावाच्या टीमशी, आणि दुसऱ्याशीच जास्त भांडते. निखिल पोटात असताना आठव्या महिन्यातसुद्धा मी त्या बांधावर उभी राहून तुझ्या नावाने ओरडत होते. तू मॅच सोडून माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "शैले, बस गो खाली. पोर बाहेर येऊन मलाच शिव्या घालंल." पोरगं बाहेर आलं ते तुझ्याच पायावर पाय ठेवून चालायला शिकलं.

त्या मैदानाचं आता काय होणार, ठाऊक नाही. आपली ती दोन खाचरं, एकाला एक लागून, एक वर आणि एक खाली. भात कापून झालं, भारे खळ्यावर गेले की तू पोरांना घेऊन दोन खाचरांमधला बांध फोडायचास, माती पसरायचास, चोपून घ्यायचास. पुन्हा मे महिन्यात तीच पोरं घेऊन तोच बांध घालायचास, पेरणीच्या आत. बाबा होते तोवर दरवर्षी कपाळावर हात मारून घ्यायचे. शेतकऱ्याचा पोर बांध फोडतो, असं अख्ख्या शहापूर तालुक्यात कोणी केलं नसेल, म्हणायचे. पण कुदळ तेच काढून द्यायचे.

बांध फुटला तरी उतार राहायचाच. वरच्या गोलपाशी चेंडू ठेवला की तो आपल्या आपण खाली निघायचा. तुझी सगळी अक्कल त्या उतारावर उभी होती. टॉस जिंकलास की खालची बाजू मागायचीस. पहिला हाफ सगळ्यांनी मागे थांबायचं, चढावर खेळायचंच नाही, गोल खायचा नाही. समोरचे उतारावरून धावून धावून, पुन्हा चढ चढून चढून दमायचे. मग दुसऱ्या हाफला बाजू बदलली की आपली पोरं वरून खाली सुटायची आणि एक तरी गोल करायचीच. जयंतीच्या स्पर्धेला त्या मैदानावर आपल्याला कोणी हरवलं नाही. तिथे तू बरोबर होतास, मी तेव्हाही कबूल करायचे, मनात.

पण मुरबाडचं मैदान परातीसारखं सपाट होतं. तिथेही तू तेच केलंस. पहिला हाफ सगळे मागे, दुसऱ्या हाफला सुटायचं. अरे पण सुटायचं कुठून? उतार कुठे होता? समोरचे पहिल्या हाफला दमायचेच नाहीत, कारण त्यांना चढायलाच काही नसायचं. चार वर्षं सलग आपण मुरबाडला एका गोलने नाहीतर पेनल्टीवर हरलो. तिसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. मॅचच्या आधी मी मैदानाच्या मधोमध गेले, चेंडू ठेवला आणि तुला हाक मारली. "बघ दादा, घरंगळतो का बघ." चेंडू जागचा हलला नाही. सगळी टीम बघत होती. तू दोन मिनिटं चेंडूकडे बघितलंस आणि म्हणालास, "वारा सुटला की घरंगळंल." पोरं हसली, मीही हसले, आणि आपण एक-शून्यने हरलो.

एवढं सगळं असून तुझा बचाव मला एकदा आवडला होता, हेही लिहायला हवं. मी दहावी झाले आणि बाबांनी वासिंदकडच्या कोणा स्थळाला बोलावलं. मला पुढे शिकायचं होतं, पण बाबांपुढे बोलायची माझी हिंमत नव्हती. आता कोणाला खरं वाटणार नाही, पण नव्हती. तू ड्युटीवरून तसाच आलास, हातोडा खांद्यावर, पायाला घाटातला चिखल. पाहुणे चहा घेत होते. तू दारात बसलास आणि त्यांना म्हणालास की पोरगी बारावीपर्यंत शिकणार आहे, तोवर या दारातून तिला कोणी नेणार नाही. आवाज चढवला नाहीस. बाबा चिडले, पाहुणे चिडले, तू हललाच नाहीस. तासभर तसाच बसून राहिलास. मी आज ज्या नोकरीवर आहे, ही चार अक्षरं ज्या हाताने लिहिते आहे, ते सगळं त्या तासाभराचं देणं आहे. मी तुला कधी तसं म्हटलं नाही. बावीस वर्षं तुझ्यावर ओरडले, पण हे एक वाक्य राहूनच गेलं.

आता निखिल.

तो माझा पोरगा आहे म्हणून म्हणत नाही, आपला तो बाब्या असतोच, पण तू स्वतः म्हणाला होतास की याच्या पायात तुझ्यापेक्षा जास्त आहे. उजवीकडून तसाच सुटायचा तो, जसा तू सुटायचास. तरी तू त्याला कधी पहिल्यापासून खेळवलं नाहीस. कायम दुसऱ्या हाफला. मी म्हणायचे, मामा आहेस की मारेकरी? तू म्हणायचास, भाचा आहे म्हणून खेळवतो असं कोणी म्हणायला नको. एवढी लाज लोकांची. इतर पोरांच्या आया तुला दुवा द्यायच्या आणि तुझी सख्खी बहीण बांधावर दात खात बसायची.

गेल्या फेब्रुवारीत मुरबाडच्या फायनलला ठाण्याच्या एका क्लबचे कोच येणार, पोरं निवडणार, असं कळलं. कळल्यापासून मी हवेत होते. शेणव्याच्या बाजारात भाजीवालीला सांगितलं, अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना सांगितलं, नणंदांना फोन केले. निखिलला रोज दोन अंडी जास्त. त्याची जर्सी मी स्वतः धुतली, मशीनमधे टाकू दिली नाही. तो गप्प गप्प असायचा. मला वाटलं, लक्ष खेळात आहे. आईला सगळं कळतं म्हणतात. कुठल्या आईला कळतं ते मला बघायचंय.

फायनलला तो क्लबचा माणूस मांडवात पहिल्या रांगेत बसला होता, डोक्याला टोपी, मांडीवर वही. पहिला हाफ शून्य-शून्य. निखिल बाहेर, डोक्यावर टॉवेल टाकून बसलेला. मी स्वतःला समजावलं, दुसऱ्या हाफला उतरवेल, नेहमीसारखा. दुसरा हाफ सुरू झाला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तू बघतही नव्हतास त्याच्याकडे. मी आधी जागेवरून ओरडले. मग रेषेवर आले. मग, दादा, मी रेषा ओलांडून आत आले आणि सगळ्या मुरबाडसमोर तुझी बाही धरली.

"दादा, उतरव त्याला. माजी आन हाय तुला."

आन घातली मी तुला. असल्या गोष्टी आपल्या घरात कोणी मानत नाही, बाबांनी कधी मानू दिल्या नाहीत, पण त्या दिवशी माझ्या तोंडात तेच आलं. तू माझ्याकडे बघितलंस, मग मागे वळून निखिलकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग हात वर केलास आणि पंचांना बदली सांगितलीस. चार मिनिटं उरली होती.

पुढचं तुला ठाऊक आहे. त्याच्याकडे पहिलाच चेंडू आला तो आपल्याच अर्ध्यात, आणि तो त्याच्या पायातून निसटला. असा निसटला, जसा काही निखिल कधी खेळलाच नव्हता. समोरच्याने उचलला, दोन पावलं टाकली आणि गोल. शिट्टी वाजायच्या आधी तो टोपीवाला माणूस वही मिटून उठला होता.

परत सगळे टेम्पोने आलो. शेणव्याच्या नाक्यावर मी उतरले, निखिल मागे पोरांमधे बसला होता, आणि मी तुला खाली उतरायला लावलं. तिथे पानटपरी, वडापावची गाडी, रिक्षावाले, सगळ्यांसमोर मी म्हटलं की वरातीमागून घोडं आणलंस तू. चार मिनिटांत काय दाखवणार होता तो? आधी उतरवला असतास तर आज त्याचं नाव त्या वहीत असतं. माझ्या पोराचं वाटोळं केलंस तू, सख्ख्या मामाने. तू खाली बघत उभा राहिलास. एवढंच म्हणालास, "चुकलो गो." मी म्हटलं, आजपासून मला बहीण म्हणू नकोस. टेम्पोत मागे निखिल बसून सगळं ऐकत होता.

मग दहा महिने. ते मी कसे काढले ते तुला काय सांगू, मजेत काढले. राग होता ना सोबतीला. राग असला की माणसाला एकटं वाटत नाही. निखिलने चेंडूला पाय लावायचा सोडला, हायवेवरच्या एका गोडाऊनमधे कामाला लागला, पार्सलं चढवतो-उतरवतो. तो संध्याकाळी थकून आला की मी तुझ्या नावाने एक शिवी वाढायचे त्याच्या ताटात. तो खाली मान घालून जेवायचा.

भात कापणीच्या आधी तू अंगणवाडीच्या फाटकापाशी आला होतास. हातात पिशवी होती. मी तुला बघितलं आणि पोरांना मोठमोठ्याने गाणं म्हणायला लावलं, म्हणजे तुझी हाक मला ऐकू येऊ नये. एकामागून एक तीन गाणी झाली. तू तोवर उभा होतास. मग मदतनीस बाईंकडे पिशवी देऊन गेलास. काकड्या होत्या, आपल्या मांडवावरच्या. मी त्या घरी नेल्या नाहीत, पोरांना कापून दिल्या. आणि एका रविवारी तुझा फोन आला. मी फोन हातात धरून, तुझं नाव बघत, तो वाजून थांबेपर्यंत बसले होते. मनात म्हटलं, कर पुन्हा. तू पुन्हा केला नाहीस.

त्या दिवशी सकाळी वहिनीच्या नंबरवरून फोन आला. मी तोही उचलला नाही, दादा. मला वाटलं, तूच तिच्या फोनवरून करतो आहेस. मला चक्क बरं वाटलं की तू अजून सोडलेलं नाहीस. भाकरी थापत मी तो वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. मग विलास बाहेरून धावत आले आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की फोन तुझा नव्हता. वहिनी म्हणते, गाडीत बसवून शहापूरच्या दवाखान्यात नेताना तुला थोडी शुद्ध होती. मी विचारलं नाही की तू काही बोललास का. ती सांगेल याची भीती वाटते आणि सांगणार नाही याचीही.

जलदान झालं, माणसं पांगली, तेव्हा निखिल मला घेऊन खळ्याकडे गेला. दुपारचे तीन वाजले असतील. पेंढ्याच्या उडवीला टेकून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"आई, मीच बोल्लो व्हतो मामाला, मला नको उतरवू."

मला आधी समजलंच नाही.

मग तो सांगत गेला. मॅचच्या आधी मांडवाच्या मागे जाऊन दोनदा ओकला होता. तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस आई, म्हणाला, बाजारातली माणसं पण मला विचारायची, कधी जातोस ठाण्याला. त्याने तुला बाजूला घेऊन सांगितलं की मामा, आज मला जमणार नाही, आणि आईला हे कळू देऊ नको. तू त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकलास आणि म्हणालास, बस तू इथं, आईचं मी बघतो. मी मधे आले, आन घातली, तेव्हा तू वळून त्याच्याकडे बघितलंस ना, तेव्हा त्याने मान हलवली होती, नको म्हणून. तू ती बघितलीस. आणि तरी हात वर केलास.

"तू आन घातलीस ना," निखिल म्हणाला. "मामाला मग काय करता येणार व्हता."

बावीस वर्षं मी तुझ्या बांधावर उभी राहून ओरडले, दादा. याला उतरव, त्याला काढ, पुढे जा, सुटा. एकदा म्हणून ऐकलं नाहीस. एकदाच ऐकलंस, आणि ते कुठलं ऐकलंस? हज्जारदा मी बरोबर होते तेव्हा हसलास, आणि ज्या दिवशी मी सगळ्यात मोठी चूक करत होते त्या दिवशी माझा मान ठेवलास. ते तुझं "चुकलो" कशासाठी होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही. उशिरा उतरवला म्हणून चुकलास, असं मी धरून चालले. आता रात्रंदिवस विचारते आणि उत्तर द्यायला तू नाहीस.

पण तुला सोडत नाही मी. मेलास म्हणून काय झालं. तू मला सांगायला हवं होतंस. त्या नाक्यावर नाही, सगळ्यांसमोर पोराची अब्रू कशाला काढायची, ते मला कळतं. पण नंतर? फाटकापाशी आलास तेव्हा आत घुसायचं, माझा हात धरायचा, पोरांचं गाणं बंद करायचं आणि सांगायचं, शैले, असं असं झालं. ओरडले असते, रडले असते, दुसऱ्या दिवशी ठीक झाले असते. पण नाही. पोराला शब्द दिला होतास ना. त्याला पाठीशी घातलंस, माझ्यापुढे उभा राहिलास आणि दहा महिने माझ्या शिव्या अंगावर घेत राहिलास. आज ना उद्या ही दमेल, मग बघू, असंच वाटलं असेल तुला. मी दमत नाही रे. तुला एवढ्या वर्षांत कळलं नाही का, की मी दमत नाही?

तुझ्यावर चिडायला मला आता तोंड नाही आणि चिडल्याशिवाय तुझी आठवण कशी काढायची ते मला येत नाही. आपल्या दोघांचं प्रेम तसंच होतं, तू मागे थांबायचास आणि मी ओरडायचे. कालपासून पोरं विचारतात, ताई, यंदा बांध फोडायचा का? मला विचारतात. मी म्हटलं, मला काय विचारता, तुमच्या कोचला विचारा.

निखिलने मला सांगितलं त्याला आज सहा दिवस झाले. त्या दिवशी खळ्यावर मी त्याच्याकडे बघितलं आणि एकटी चालत शेणव्याला आले. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेली नाही. जेवण वाढते, डबा भरते, बोलत नाही. त्याचा राग आला आहे का? आला आहे. टेम्पोत बसून ऐकत राहिला, दहा महिने मला तुझ्या नावाने बोलू दिलं, घास गिळत राहिला. मग वाटतं, वीस वर्षांचं पोर, आईचा असला अवतार बघून कसं सांगणार होतं? त्याला माझी भीती वाटते, दादा. माझ्या पोराला माझीच भीती वाटते, आणि जाऊन लपायला जो एक मामा होता तो मी त्याच्यापासून तोडला. हे मी कोणाला सांगू? हे मी तुलाच सांगितलं असतं.

आत्ता तो बाहेर ओट्यावर बसला आहे. सुट्टी आहे त्याला आज. दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला. मी इथे वही उघडून बसले आहे आणि त्याला वाटतंय, आई अंगणवाडीचं काही लिहिते आहे. मला त्याला हाक मारायची आहे. सकाळपासून मारायची आहे. पण एवढ्या वर्षांत, दादा, तुझ्याशी शेकडो भांडणं केली तरी पहिला शब्द बोलायचं काम माझ्यावर कधी आलंच नाही. प्रत्येक वेळी तूच बोलायचास. मला त्याची सुरुवात कशी करतात, ते ठाऊकच नाही.

तुझी,
शैला